गावाचं वजन आन् शालूबाईची कढई

मी एक जुनी कढई हाय, मित्रांनो. जुनी म्हणलं म्हणून तोंड वाकडं करू नगा. शिराळ्याच्या वाटंवर घोणसवाडी लागती, तिथं यस्टी स्टँडाम्होरं शालूबाईचं हाटेल हाय. त्या हाटेलातल्या चुलीवर मी बसलेली असती. रंगानं काळी, अंगानं गोल, आन् दोन कानांतला एक वाईच वाकडा. वाकड्या कानानं मला जास्तच ऐकू येतं. म्हणून तर गावातली एकबी गोष्ट माझ्यापास्नं लपून ऱ्हात न्हाई.

तर ह्या मला, येवढ्या नामी कढईला, एकदा भंगाराच्या गाड्यावर चढवलं हुतं. व्हय! मोडक्या सायकली आन् गळक्या घागरींच्या मांडीला मांडी लावून! कशापायी? एका शब्दापायी. त्या भंगारातनं मी वाचले कशी, तेवढंच तुमास्नी सांगायचं हाय. पर आधी माझं कूळ ऐका. कूळ सांगितल्याबिगर गोष्ट सुरू केली तर माझी आई रागवंल.

माझी आई काहील. काहील म्हंजी गुऱ्हाळावर उसाचा रस आटवून गूळ करत्यात, ती थोरली कढई. आई येवढी थोरली, की तिच्या ह्या कडंला ऊन पडलं तरी त्या कडंला अजून तांबडंच फुटत असायचं. एकदा वारणेला पूर आला, तवा गावानं आईला पाण्यात सोडलं आन् तिची होडी केली. पल्याडची माणसं, त्यांची शेरडं, कोंबड्या आन् एक आख्खं लग्नाचं वऱ्हाड आईनं एकाच खेपंत अल्याड आणलं. आईच्या कडंला ऱ्हायलेला गूळ वऱ्हाडानं वाटंतच चाटला, म्हणून लग्नात जेवाय कुणी बसलंच न्हाई म्हणत्यात. म्हणत्यात म्हंजी मीच म्हणती. पर खरं हाय.

पुढं आई तळाला चिरली. अर्जुना लोहारानं तिचा चांगला पत्रा कापून, तापवून, ठोकून ठोकून मला घडवलं. घणाचा आवाज शाळंपातूर ग्येला. मास्तरला वाटलं घंटा झाली, त्यानं शाळा सोडून दिली. तवाधरनं गावातली पोरं मला लय मानत्यात.

शालूबाईनं मला शिराळ्यात नागपंचमीच्या गर्दीत घेतलं. तिनं बोटाच्या पेरानं मला टकटक केलं, कान लावून ऐकलं आन् म्हणाली, "ही बोलती बया." तवापास्नं आमचं जमलं. तिनं पीठ भिजवायचं, मी तेल तापवायचं. कांदाभजी, बटाटवडा, मिरचीभजी. एक घाणा निघंपातूर दुसऱ्या घाण्याला माणसं उभी. माझा वास असा, की इस्लामपूरची गाडी स्टँडावर थांबायची ती डायवरनं बिरेक दाबला म्हणून न्हवं. गाडी आपली आपण थांबायची. डायवर म्हणायचा, "आता हिलाच भूक लागली, मी काय करू?"

आन् शालूबाईचं एक इशेष हुतं. ती पिलेट भरायची आन् मग त्याच्या वर अजून एक मूठ भजी टाकायची. त्याला आमी 'वर' म्हणतो. मंडईत कोथमिरीची पेंडी घेतली की वर चार काड्या मागत्यात न्हवं, तसंच. गिऱ्हाइकानं "शालूताई, वर?" म्हणायचं, आन् हिनं "तुला न्हाई तर कुणाला?" म्हणून मूठ सोडायची. वर दिल्याबिगर तिला झोप लागायची न्हाई. कुणी नगं म्हणलं तर तिला राग यायचा. "काय आजारी हायस?" म्हणायची.

अशी वरसं ग्येली. गावात पाट आला, ऊस आला, घरटी मोटरसायकल आली. माणसं घरातनं गोठ्यात जायाबी फटफटीवर बसू लागली. मला चुलीवरनं समदं दिसायचं. पयलं हाटेलातल्या बाकड्यावर पाचजण बसायचं, मग चार, मग तीन. बाकडं काय आखूड झालं न्हवतं. शाळा सुटली की पोरं यायची, ती धापा टाकत. वडा खायाची, वर खायाची, आन् घरी सोडाया कुणी गाडी घिऊन येतंय का बघत बसायची. आक्रीतच म्हणायचं, पोरगं बसलंय आन् धाप लागलीया!

अशात आमच्या दवाखान्यात डाक्टरीण आली. ब्राह्मी तिचं नाव. सांगलीकडची, जैनाची लेक, बारकीशी, पर चालायची अशी की तिच्या मागं धूळ उडायची. तिनं शाळंतल्या पोरांची वजनं केली, कमरंला टेप लावला, जिना चढाया लावला, आन् घरोघर जाऊन आयाबापास्नी सांगितलं. आयाबाप म्हणाले, "व्हय व्हय," आन् तिच्याम्होरं लाडवाची ताटली ठिवली.

मग तिच्या ध्यानात आलं. पोरं घरात कुठं खात्यात? खात्यात ती स्टँडावर. म्हणून तिनं ठरवलं, आधी हाटेलवाल्यांशी बोलायचं. तिनं घंटागाडीवाल्याकडं कागद दिला. कचरा गोळा करत फिरतोय त्यो, भोंग्यावर तेवढं सांगत जा म्हणाली. कागदावर काय काय हुतं. लोकांच्या अंगाचं वजन वाढलंय, त्यानं साखर, गुडघं, रक्तदाब असली दुखणी येत्यात, ती थांबवाया हाटेलवाल्यांची मदत पायजे, असं लांबलचक. घंटागाडीवाल्याला येवढं कोण वाचत बसतंय? त्यानं बेतशीर केलं आन् भोंगा सोडला:

"ऐका हो ऐका! गावाचं वजन कमी करायचं हाय! समद्या हाटेलवाल्यांनी दवाखान्यात जमावं!"

झालं, मित्रांनो. इथंच माझ्या नशिबाला पोचा पडला.

आमच्या गावाला वजन म्हंजी काय, ह्ये तुमास्नी सांगाया पायजे. वजन म्हंजी मान, शब्द. पंचक्रोशीत घोणसवाडीचं वजन हाय म्हंजी हितल्या माणसाचा शब्द चालतो. त्ये वजन आणलं सुभेदार लालासाहेबांनी. पलटणीतनं पेन्शनीत आलेला माणूस, मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठिवावं. स्टँड पल्याडवाडीला व्हायाचा हुता, त्यो सुभेदारांनी अल्याड आणला. तवापास्नं पल्याडवाडी आमच्यावर दात खाऊन. आन् अशा सुभेदारांच्या कानावर सकाळी सकाळी पडलं, गावाचं वजन कमी करायचं हाय!

इकडं दवाखान्याच्या वसरीला तिघं जमली. एक शालूबाई. दुसरा आकाराम, त्याचं चाचं हाटेल. तिसरं जिनदत्त शेट, त्यांचं भडंग सांगलीपातूर जातं. मीबी हुते. डाक्टरणीनं तळायचं भांडं बघायचं म्हणलं हुतं, म्हणून शालूबाईनं मला डोक्यावर पालथी घालून नेलं. उन्हाची टोपीबी झाली.

ब्राह्मी म्हणाली, "मी कुणाचं हॉटेल बंद करायला आलेली नाही. तुमची भजी मलाही आवडतात. पण रोज, भरपूर आणि वर आणखी, हे पोरांना झेपत नाही. माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

"आमचं कसलं ऐकत्यात?" शालूबाई म्हणाली.

"तुम्ही 'खा' म्हटलं की खातात ना? मग तुम्ही 'पुरे' म्हटलं तर?"

"अगं बया! मी पुरे म्हणू? गिऱ्हाइकाला? जीभ झडंल माझी!"

आकाराम म्हणाला, "डाक्टरीण बाई, चात साखर कमी घाला म्हणाल, तर ह्ये उसाचं गाव हाय. हितं चा फिक्का केला तर कारखान्याचा भोंगा रडंल."

जिनदत्त शेट हळूच म्हणाले, "भडंगात तेल कमी केलं तर चुरमुरं रुसतंय ओ. काय बोलालाय तुमी."

बोलणं असं हसत खेळत चाललं हुतं. तेवढ्यात बाहेर बुलेटचा आवाज आला. सुभेदार लालासाहेब! मागं धा-बारा गडी.

"कोण हाय त्यो, गावाचं वजन कमी करणारा?"

ब्राह्मी हसत उठली. बिचारीला काय ठावं! "मीच, सुभेदार. बरं झालं तुम्ही आलात. तुमच्यापासूनच सुरुवात करावी म्हणते."

"माझ्यापास्नं?"

"हो. गावात सगळ्यात जास्त वजन तुमचंच आहे."

"हाय! हायच!" सुभेदारांनी छाती फुगवली.

"ते पावसाळ्यापर्यंत खाली आणू आपण."

मागच्या गड्यांनी जीभ चावली. सुभेदारांची मिशी थरथराया लागली. "माझं वजन खाली आणणार? तुमी?"

"मी एकटी नाही. हे हॉटेलवाले मदत करतील. शालूबाई तर तयार होतीलच."

"शालू!" सुभेदार गरजलं. "तूबी सामील व्हय? पल्याडवाडीनं काय चारलं तुला?"

"आवं सुभेदार, तसं न्हवं..."

"बस! गद्दारी! आजपास्नं ह्या तिघांच्या हाटेलाची पायरी कुणी चढायची न्हाई. ऑर्डर इज ऑर्डर!"

आन् बुलेटवर बसून ग्येलं. डाक्टरीण मागं पळाली, "सुभेदार, तुमचा गैरसमज..." पर बुलेटच्या आवाजात भीम बोलला तरी ऐकू यायचा न्हाई. नंतर तिनं त्यांच्या वाड्यावर निरोप धाडला, त्यांनी निरोप घिऊन आलेल्यालाच हाकलला. मागच्या गड्यांतल्या दोघा-तिघांना खरं काय ते उमगलं हुतं. पर सुभेदारांना 'तुमी चुकला' म्हणायचं कुणी? मला उमगलं हुतं, मी वसरीवर कितींदा तरी टणाटणा केलं. कढईचं कोण ऐकतंय?

दुसऱ्या दिवसापास्नं आमचं हाटेल सुनं. आन् गंमत ऐका. गावातली माणसं भजी खायाची थांबली व्हय? छट्! ती पल्याडवाडीला जाऊ लागली. फटफटीवर बसून जायाची, तिथली तेलात बुडालेली भजी खायाची, शालूबाईवरचा राग म्हणून डबल खायाची, आन् ढेकर देत आमच्या हाटेलावरनं जायाची. मुद्दाम हाटेलाम्होरंच ढेकर! वजन कमी व्हायाचं ते वाढाया लागलं. दोन्ही वजनं म्हणायची तर एक वाढलं आन् एक घटलं, कारण पल्याडवाडीची माणसं आता गालात हसाया लागली हुती.

मी चुलीवर गार पडले. कोळ्यानं माझ्या वाकड्या कानाला जाळं बांधलं. ह्या कानापास्नं त्या कानापातूर त्यानं दोरी लावली आन् त्यावर आपल्या पोरांना झोका केला. मी म्हणलं, कुणीतरी वापरतंय, तेवढंच बरं.

शालूबाईची सून मंगल. कामाला वाघीण, बोलायला तिखट. ती एक दिस म्हणाली, "आत्ती, ही कढई नाथाजी भंगारवाल्याला देऊन टाका. तळण चालत न्हाई, जागा अडलीया. नुसता चा ठिवू."

शालूबाई माझ्यापाशी आली. पदरानं माझी कड पुसली. "येवढं झेंडावंदन हू दे," म्हणाली, "मग ने म्हणावं."

माझ्या तळाला गारठा भरला, मित्रांनो. भट्टीत वितळून उद्या माझा काय गेटाचा कोयंडा करत्यात का नाल? काहिलीची लेक आन् बैलाच्या पायात!

सव्वीस जानेवारी उजाडला. आमच्यात झेंडा स्टँडाम्होरच्या पटांगणात असतो, आन् सलामी सुभेदारांची. ही त्यांची मानाची गोष्ट. त्या दिवशी त्ये पलटणीचा काळा कोट घालत्यात, पितळी बटणांचा, छातीवर पदकं. नाथाजी भंगारवाला सकाळीच आला. त्यानं मला उचललं, गाड्यावर सायकलींच्या वर ठिवलं आन् म्हणाला, "झेंडा झाला की निघतो." म्हंजी जाताना मला झेंडा तरी दिसणार हुता. शालूबाई हाटेलाच्या दारात उभी, डोळं तांबडं. मंगल तिच्या मागं.

सुभेदार आलं. पर ह्या खेपंला कोट जरा वायलाच दिसत हुता. बटणं लागली हुती, पर कशी? घरातल्या चौघांनी वढून लावल्यागत. पल्याडवाडीच्या भज्यांनी आपलं काम केलं हुतं. सुभेदार श्वास न घेता चालत हुतं. चेहरा टमाट्यागत.

झेंडा वर ग्येला. "सावधान!" झालं. राष्ट्रगीत सुरू झालं. सुभेदारांनी छाती काढली, हात कपाळाला नेला, आन् त्याच येळंला, मित्रांनो, पोटावरचं बटण सुटलं. सुटलं म्हंजी कसं? बंदुकीतनं गोळी सुटावी तसं! त्या बटणानं आधी मास्तरांची टोपी उडवली, मग यस्टीच्या टपावर एक टप्पा घेतला, एका कावळ्याला वळसा घातला आन् सरळ माझ्या पोटात येऊन आदळलं.

टण्ण्ण्ण!

आवाज असा घुमला की पल्याडवाडीत त्यांचा झेंडा आपोआप वर चढला. पटांगणात कुणी हललं न्हाई. सुभेदारांनी एका हातानं सलामी धरली आन् दुसऱ्या हातानं कोट. हालले न्हाईत. सलामी पुरी केली. शिपाई गडी, मानलं पायजे.

मग समदं इसर्जन झालं आन् सुभेदार कोट धरून गाड्यापाशी आलं. माझ्यात वाकून बघितलं.

"शालू, माझं बटण तुझ्या कढईत हाय."

शालूबाई दारातनंच म्हणाली, "माझी कुठली आता? नाथाजीची हाय. त्यालाच इचारा."

नाथाजी लबाड. "पितळ हाय सुभेदार. भंगारात आलं की भंगार."

"गप बस रं!" सुभेदार म्हणालं. मग आवाज खाली आणून, "थंडीनं कोट आटलाय."

"आटत्यात," शालूबाई म्हणाली. "दरसाल वाईच वाईच आटतोय. पुढल्या साली तान्ह्या बाळाला घालाया हुईल."

पोरं फिसकन हसली. तवर ब्राह्मी डाक्टरीण पळत आली. तिनं माझ्यातनं बटण काढून सुभेदारांच्या हातावर ठिवलं. "सुभेदार, मी ह्याच वजनाबद्दल बोलत होते."

"कंच्या?"

डाक्टरीण अडखळली. येवढ्या मोठ्या माणसाच्या पोटाकडं बोट कसं दाखवावं? तिनं आपल्याच पोटावर हात ठिवला.

सुभेदार तिच्याकडं बघत ऱ्हायलं. मग आपल्याकडं बघितलं. मग बटणाकडं. "म्हंजी... गावातलं वजन न्हवं?"

"आवं गावातलं न्हवं!" शालूबाईच्यानं ऱ्हावलं न्हाई. "सदऱ्यातलं!"

 सुभेदारांची मिशी हलाया लागली. मला वाटलं, आता भूकंप. पर त्या मिशीखालनं हसू निघालं, असं निघालं की दुसरं बटणबी ग्येलं. "सदऱ्यातलं! आन् मी... पल्याडवाडीत जाऊन... अरं देवा!" समदं पटांगण हसाया लागलं. हसता हसता सुभेदार गंभीर झालं. "डाक्टरीण बाई, माफी असावी. शालू, तुझीबी. मग मला आधी सांगायचं की!"

"सांगायचं कुणाला? बुलेटला?"

"बरं बरं. नाथाजी, कढई उतरव. हुकूम हाय."

माझा जीव भांड्यात पडला म्हणणार हुते, पर मीच भांडं. आन् येवढ्यात हरखू नगा, कारण शालूबाई म्हणाली, "उतरवून करू काय सुभेदार? डाक्टरणीचं म्हणणं मला पटलंय. शेवटी ती पोरं माझ्याच बाकड्यावर धापा टाकत्यात, मी रोज बघती. तळण कमी करायचं, तर बाकीचं दिवस हिला ठिवू कुठं? रिकाम्या चुलीवर हिला बघवत न्हाई मला. त्यापरास जाऊ दे तिला."

असं म्हणून ती आत वळली. नाथाजीनं गाड्याचा दांडा धरला. गाड्याचं चाक हललं. आता माझ्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं न्हवतं.

"थांबा ओ भंगारवाले."

कोण बोललं असंल? मंगल! जिनं मला घालवायचं ठरवलं, तीच. ती पायरी उतरून आली आन् माझ्या तळावर हात फिरवला. "आत्ती, आमच्या माहेरी, वडूजकडं, असल्या जाड बुडाच्या कढईत मीठ तापवत्यात आन् ज्वारीच्या लाह्या फोडत्यात. फुटाणं भाजत्यात. शेंगा, मका, हुलगा. तेलाचा थेंब लागत न्हाई. माझी आई बाजारात इकायची. पातळ भांड्यात करपतंय सारं. ह्येला असलंच भांडं पायजे."

"मग इतक्या दिवसांत बोलली न्हाईस ती?" शालूबाई म्हणाली.

"तुमच्या हाटेलात भजी सोडून दुसऱ्याचं नाव काढाया देता का कवा?"

शालूबाई वळली आन् नाथाजीला म्हणाली, "बघतोस काय? उतरव की!"

मंगलनं मला राखंनं आन् इटकरीच्या तुकड्यानं घासायला घेतलं. जलमाचं काळं थर निघाया लागलं. एका थराखाली जुन्या फेशनची मिरचीभजी निघाली. त्याच्या खालच्या थरात अर्धा बटाटवडा निघाला, आन् त्यो अजून गरम हुता! त्याच्या मालकानं वळखला. "माझा हाय," म्हणाला, "गाडी आली म्हणून टाकून ग्येलतो." मंगलनं त्याला खाऊ दिला न्हाई.

पर मित्रांनो, खरं सांगू? घासून मीठ घातलं आन् जाळ लावला, तवा मला लाज वाटली. जलमभर तेलात न्हालेली बाई मी. बिगरतेलाची म्हंजी बिगरलुगड्याची वाटाया लागले. मीठ तापलं. मंगलनं पाण्याचा हात लावलेली ज्वारी मूठभर टाकली. काय हुईना. सगळी वाकून बघत्यात, सुभेदार कोट धरून, डाक्टरीण पदर... न्हाई, वढणी धरून. मला वाटलं, फजिती.

मग एक दाणा म्हणाला, "फट्."

मग दुसरा. मग समदं दाणं येकदम! फटाफटा, तटातटा, पांढऱ्या लाह्या माझ्यातनं उडाया लागल्या. माझ्या पोटात कुणी गुदगुल्या केल्यागत झालं. मी हसले मित्रांनो, जलमात पयल्यांदा. तळताना कसं, नुसतं चरचर रागानं बोलायचं असतं. ह्ये हसणं हुतं. लाह्या इतक्या उडाल्या की हाटेलावरचा पत्रा भरला, बाकडी भरली, यस्टीतल्या माणसांनी खिडकीतनं वच्यात झेलल्या. झेंड्याला आलेली पोरं लाह्यांमागं पळत सुटली, आन् पळताना धापा टाकायचंच इसरली.

त्याच दिवशी सुभेदारांनी पटांगणात तिन्ही हाटेलवाल्यांची आन् डाक्टरणीची बैठक घेतली, पलटणीच्या शिस्तीत. भांडणं लय झाली. जिनदत्त शेट म्हणाले, भडंगाची पुडी बारकी करतो, तेल निम्मं आन् शेंगदाणं भाजून, पर मिरचीला कुणी हात लावायचा न्हाई. आकाराम साखरंवरनं हटंना. शेवटी ठरलं, साखर बंद करायची न्हाई, पर ती वायल्या वाटीत द्यायची, ज्येनं त्येनं आपल्या हातानं घालायची. पयल्या आठवड्यात लोकांनी दोन दोन चमचं जास्त घातलं. मग एकमेकाच्या चमच्याकडं बघून लाजाया लागली. आता वाट्या भरलेल्या परत येत्यात.

आन् शालूबाई? ती म्हणाली, "भजी बाजारादिवशीच. पर वर मी सोडणार न्हाई. हात बांधला तर मी मरंन."

डाक्टरीण म्हणाली, "सोडू नका. वर काय द्यायचं तेवढं बदला."

तवापास्नं पिलेटीवर मूठ पडती ती मोडाच्या मटकीची, न्हाई तर मुळ्या-गाजराच्या कापांची. गिऱ्हाईक आधी नाक मुरडायचं. शालूबाई कमरंवर हात ठिवून म्हणायची, "माझ्या हातचा वर नगं म्हणतोस?" कुणाची हाय छाती? खाल्लं गुमान. आता पोरंच मागत्यात, "आज्जी, वर!"

डाक्टरीण परवा आली हुती. म्हणाली, गावाचं वजन येका दमात उतरत न्हाई, पर उतराया लागलंय, आन् शाळंचा जिना चढून पोरं वर जाऊन बोलत्यात आता. आधी वर जाऊन धापा टाकत नुसती बघायची. सुभेदार रोज सकाळी स्टँडापातूर चालत येत्यात. बुलेट घरी. बुलेटला आता गंज चढाया लागलाय, पर सुभेदारांचा उतरलाय. आन् पल्याडवाडीची माणसं लाह्या न्याया आमच्याकडं येत्यात. सुभेदार त्यांना बघून मिशी पिळत्यात.

नाथाजी भंगारवालाबी दर बाजाराला येतो. गाडा लावतो, माझ्या कडंवर पेरानं टकटक करतो आन् मंगलला चिडवतो, "काय वैनी, आज देताय का कढई?"

मंगल झारा उगारती. "हात काढा आधी! बसा बाकड्यावर. फुटाणं खावा आन् वाटंला लागा. आमच्या कढईचं नाव काढायचं न्हाई!"

आमच्या कढईचं, म्हणती. ऐकलंसा न्हवं?

तर मित्रांनो, तुमच्या घरातबी एखादी जुनी कढई असंल. माळ्यावर, पालथी, कोळ्याच्या झोक्यासकट. तिला खाली काढा. वली ठिवू नगा, गंज खातो. घासून पुसून कोरडी करा. आन् 'हिचा काय उपेग' म्हणायच्या आधी तिला इचारा, तुला अजून काय काय येतं? स्टँडावरच्या तुमच्या हाटेलवाल्यालाबी त्येच इचारा. त्याच्यावर रुसू नगा, त्याला सोडून लांब खाया जाऊ नगा. त्याला म्हणा, काका, भजी बाजारादिवशी खाऊ, आज दुसरं काय देता? त्योबी माणूस हाय, त्यालाबी कुणी इचारलेलं नसतंय.

आता बास. मंगलनं जाळ घातलाय, मीठ तापाया लागलंय, आन् शाळा सुटलीया. बघा, पोरं चालत येत्यात. न्हाई, पळत येत्यात! सरा मागं लेकरांनु, वाईच मागं सरा. पयला दाणा फुटायला आलाय, आन् मला हसू आवरत न्हाई!